गाव सुटले, शाळा कोणती?

मे महिना आला की आपल्या मोहल्ल्यांत नवी कुटुंबे दिसू लागतात. टेम्पोत कपाट, गॅसची टाकी, गाद्या आणि त्यांच्या मधोमध बसलेली दोन-तीन मुले. कुणी बीडहून आलेले असते, कुणी परभणीहून, कुणी खेड-चिपळूणहून. काम ठरलेले असते, भाड्याचे घर ठरलेले असते. ठरलेली नसते ती मुलांची शाळा. "आधी जाऊ, मग बघू," असे म्हणत मोठी माणसे निघतात आणि जूनमध्ये जी शाळा 'मिळेल' ती घेतात.

दोन वर्षांपूर्वी त्या टेम्पोत आम्ही होतो. पतीला पुण्यात एका कंपनीच्या गोदामात नोकरी लागली. उदगीर सोडून आम्ही कोंढव्यात दोन खोल्या घेतल्या. मुलगी आठवी पास होऊन नववीत जाणार होती, मुलगा सहावीत. दोघेही उर्दू माध्यमात शिकलेले. त्या एका महिन्यात मी जे पाहिले, जिथे चुकता चुकता वाचले, ते या वेळच्या संपादकीयात मांडते आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना अजून मुले नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही हे तुमच्यासाठीच आहे. कारण आपल्या घरांत शाळेचा फॉर्म बहुतेक वेळा आई-वडील भरत नाहीत. बारावी झालेला मोठा भाऊ भरतो, कॉलेजात जाणारी आपा भरते, शेजारचा शिकलेला मुलगा भरतो. म्हणजे तुम्ही भरता. धाकट्यांची शाळा प्रत्यक्षात तुम्ही निवडता, आणि ती घाईत, फाटकाबाहेर उभे राहून निवडता.

आमच्यासमोर चार शाळा होत्या. घरापासून पाच मिनिटांवर एक खासगी इंग्रजी शाळा. पंधरा मिनिटांवर एक अनुदानित मराठी शाळा. दोन बस बदलून जावे लागेल अशी एक अनुदानित उर्दू शाळा, दहावीपर्यंतची. आणि एक नावाजलेली इंग्रजी शाळा, जिची फी ऐकूनच आम्ही परत फिरलो.

पहिल्या शाळेने आम्हाला जवळजवळ जिंकले होते. सगळे आपलेच लोक, दुपारी नमाजची सोय, दीनियातचा तास, मुलींसाठी वेगळा वर्ग आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत 'इंग्लिश मीडियम'. सासूबाईंना पसंत पडली. दीर म्हणाले, "घर के सामने है, और क्या होना?" मी प्रवेशाची रक्कम पर्समध्ये घेऊनच गेले होते. निघण्याआधी सहज विचारले, "शाळेचा यू-डायस नंबर काय?" ऑफिसमधल्या बाईंनी विषय बदलला. मी पुन्हा विचारले, तेव्हा कळले की शाळेला मान्यता आठवीपर्यंतचीच आहे. नववी-दहावीची मुले बसतात याच वर्गात, पण त्यांचे बोर्डाचे फॉर्म दुसऱ्याच एका शाळेतून भरले जातात. "सगळं होऊन जातं, तुम्ही काळजी करू नका," असे मला सांगण्यात आले.

काळजी करायलाच हवी होती. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेचे माध्यम, वर्ग, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृहे अशी माहिती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मोबाइलवर पाच मिनिटांचे काम आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत. पण दंड होईल तो संस्थेला. वर्ष वाया जाईल ते मुलाचे. म्हणून पहिला प्रश्न हाच: मान्यता आहे का, आणि कितवीपर्यंत आहे?

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट जवळजवळ गमावली होती. मुलगी आठवीत एनएमएमएस परीक्षेत निवडली गेली होती. या शिष्यवृत्तीचे वर्षाला 12,000 रुपये नववीपासून बारावीपर्यंत मिळतात, म्हणजे एकूण 48,000. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही. पण ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत नाव घातले असते, तर मुलीने स्वतःच्या बुद्धीवर मिळवलेले पैसे मी तिच्या हातून काढून घेतले असते, आणि वर फी भरली असती. हे मला कोणत्याही ऑफिसात सांगितले गेले नाही. उदगीरच्या तिच्या गणिताच्या सरांनी फोनवर सांगितले.

दुसरा प्रश्न निकालाचा. शहरात जून महिन्यात जिकडे पाहावे तिकडे फलक असतात: 'दहावीचा निकाल शंभर टक्के'. फलकावर न लिहिलेली गोष्ट विचारायची असते. नववीत किती मुले होती आणि त्यातली किती दहावीच्या परीक्षेला बसली? काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच अडवतात, पालकांना बोलावून सांगतात की याला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. मग निकाल शंभर टक्के लागणारच. आपल्या घरांतली, उशिरा अभ्यासाला लागलेली, माध्यम बदललेली मुले अशा शाळांत सगळ्यात आधी बाहेर पडतात. साठ मुले नववीत, अठ्ठावन्न दहावीला आणि बावन्न पास, अशी शाळा मला चाळीसपैकी पंचवीस निवडून पंचवीसही पास करणाऱ्या शाळेपेक्षा चांगली वाटते.

तिसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. दहावीला विज्ञानाचे 80 गुण लेखी आणि 20 प्रात्यक्षिकाचे असतात. मी प्रत्येक शाळेत प्रयोगशाळा दाखवा म्हटले. एका ठिकाणी कुलपाची चावी सापडेना. दुसरीकडे टेबलावर मुलांनी नुकतेच धुतलेले परीक्षानळ्यांचे स्टँड होते. मला विज्ञान फारसे कळत नाही, पण ओले स्टँड आणि गंजलेले कुलूप यातला फरक कळतो.

चौथा प्रश्न माध्यमाचा, आणि इथे आपल्या समाजात सगळ्यात जास्त भावना गुंतलेल्या आहेत. एका बाजूला 'उर्दू म्हणजे मागे राहणे' असे म्हणणारे आहेत, दुसऱ्या बाजूला 'उर्दू सोडली म्हणजे ओळख सोडली' असे म्हणणारे. मूल कितवीत आहे, हे मात्र दोघेही विचारत नाहीत. नववीत माध्यम बदलणे म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला दोन वर्षे उरली असताना इतिहास, भूगोल, विज्ञान सगळ्याची भाषा नव्याने शिकणे. सहावीत बदलले तर हाताशी जवळजवळ पाच वर्षे असतात. शिवाय आपल्या राज्यात अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे उर्दू असो की मराठी, त्या शाळेत गणित आणि विज्ञान सेमी-इंग्रजीतून शिकवतात का, शिकवणाऱ्या शिक्षकाला ते खरोखर जमते का, हे विचारणे जास्त गरजेचे आहे. 'इंग्लिश मीडियम' असे लिहिलेल्या वर्गात बाई पुस्तकातले वाक्य इंग्रजीत वाचतात आणि समजावतात हिंदीत, असे मी स्वतः दाराबाहेर उभी राहून ऐकले आहे.

म्हणून आम्ही दोन मुलांसाठी दोन निर्णय घेतले. मुलगी उर्दू शाळेत, दोन बस बदलून. मुलगा घराजवळच्या मराठी शाळेत, सेमी-इंग्रजीला.

या निर्णयावर घरात जे झाले ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे रीत उलटी आहे. मुलगा दूरच्या, महागड्या शाळेत जातो. मुलगी जवळ असेल त्या शाळेत जाते, आणि जवळची शाळा आठवीला संपली की घरी बसते. अनेक गावांत पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा सातवी-आठवीलाच संपतात. तिथून पुढे शाळा दूर असते आणि मुलीसाठी दूर म्हणजे बंद. सासूबाई म्हणाल्या, "इत्ती दूर भेजते क्या छोकरी को?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. काळजी होती. त्या स्वतः सातवी शिकल्या आहेत आणि त्यांची शाळाही याच कारणाने सुटली होती. मी त्यांना म्हटले, "अम्मी, तुम्हारे वक्त बस नहीं थी. अब है." पहिले पंधरा दिवस मी मुलीबरोबर सकाळच्या बसने गेले. मग आमच्याच गल्लीतल्या दोन मुली त्या शाळेत जातात असे कळले. पुढे तिघी मिळून जाऊ लागल्या, पीएमपीचा विद्यार्थी पास काढला. एका मुलीसाठी जो रस्ता लांब आणि भीतीचा होता, तो तिघींसाठी गप्पांचा झाला. पावसाळ्यात बस चुकते, संध्याकाळी यायला उशीर होतो, माझा जीव अजूनही टांगणीला लागतो. पण ती आता दहावीत आहे.

मुलाची गोष्ट वेगळी. मराठी शाळेच्या ऑफिसात मी अर्ज दिला. क्लार्कने आडनाव वाचले, वर पाहिले आणि म्हणाले, "तुमच्याकडची मुलं इथे कमीच येतात. उर्दू शाळा बघितली का? मिस्टर नाही आले बरोबर?" ते मला हाकलत होते असे मी म्हणणार नाही. पण नकार देण्याची गरजच पडू नये, मी आपण होऊन निघून जावे, अशी ती वाट होती. आपल्यातले किती जण अशा एका वाक्यावर परत फिरले असतील? मी शांतपणे म्हटले, "मराठी बोलतो, मराठी वाचतो. अनुदानित शाळा आहे, घर जवळ आहे, सहावीत जागा आहे. अर्ज घ्या आणि पोच द्या." पोच मागितल्यावर अर्ज मुख्याध्यापिकांकडे गेला. त्यांनी मुलाला आत बोलावले, एक उतारा वाचायला दिला, तो अडखळत वाचला. बाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत सुधारेल. रोज एक पान वाचून घ्या." प्रवेश झाला.

पहिल्या घटक चाचणीत त्याला विज्ञानात वीसपैकी सहा मिळाले. त्या रात्री तो जेवला नाही आणि मला वाटले, माझे चुकले. दुसऱ्या सत्रात अकरा मिळाले, वर्षाच्या शेवटी चौदा. एक वर्ष त्याने भाषेची किंमत मोजली, हे खरे आहे. उर्दू त्याची मागे पडू नये म्हणून रात्री आजी त्याच्याकडून एक पान उर्दू वाचून घेते. तिची शाळा सुटली होती, आता ती घरातली उस्ताद झाली आहे.

आणखी एक किंमत होती. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाने त्याला विचारले, "तू कुणाच्या बाजूने होतास?" सगळे हसले. तो घरी येऊन काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "उद्या जात नाही." मी वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांनी भाषण दिले नाही. त्या मुलाला आणि माझ्या मुलाला एकत्र बसवले, काय झाले ते दोघांच्या तोंडून ऐकले आणि त्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितले की हा प्रश्न पुन्हा या वर्गात विचारला जाणार नाही. त्यानंतर सगळे थांबले असे मी म्हणणार नाही. कमी झाले. आणि माझ्या मुलाला कळले की इथे तक्रार ऐकून घेणारे मोठे माणूस आहे. असा प्रसंग कधीच न घडणारी शाळा मला कुठे सापडली नाही. प्रसंग घडल्यावर दार उघडणारी शाळा शोधता येते. शिक्षण हक्क कायद्यानेही मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी घातली आहे, हे त्या दिवशी मला बोलून दाखवावे लागले नाही. पण ठाऊक असल्यामुळे मी ताठ उभी राहू शकले.

आपल्या लोकांच्या शाळेत मूल सुरक्षित राहील, ही भावना मी हसण्यावारी नेत नाही. ती भीती अनुभवातून आलेली आहे. पण भीतीने निवडलेली शाळा आपण तपासत नाही, हा धोका आहे. पाच मिनिटांवरच्या त्या शाळेत नमाजची सोय पाहून मी मान्यता विचारायचे जवळजवळ विसरले होते. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 मध्ये प्रमती खटल्यात ठरवले. म्हणजे देणगी घेऊ नये, प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेऊ नये, सहावी ते आठवीत 35 मुलांमागे एक शिक्षक असावा, अशी या कायद्यातली बंधने आपल्याच संस्थांवर नाहीत. घटनेच्या कलम 30 ने आपल्याला संस्था चालवण्याचा अधिकार दिला. त्या संस्था चांगल्या चालवा, हे त्यांना कायदा सांगणार नसेल, तर आपण सांगायला हवे. दुसऱ्यांच्या शाळेत न्याय मागताना आपल्या शाळेत हिशेब मागायला लाजण्याचे कारण नाही.

आता कागदांबद्दल, कारण गाव सोडताना सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात. शाळा सोडल्याचा दाखला घेताना तो तिथेच, खिडकीसमोर उभे राहून वाचा. नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि जातीचा रकाना. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा ओबीसी बिरादरींच्या मुलांच्या दाखल्यावर अनेकदा नुसते 'मुस्लिम' लिहिलेले असते. पुढे जातीचा दाखला काढताना तेच आडवे येते, आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधत आजोबांच्या शाळेपर्यंत जावे लागते. मूल शाळेत शिकत असेपर्यंत नोंद दुरुस्त करून घेणे सोपे असते. नाव कमी झाल्यावर त्याच कामाला चपला झिजतात. आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश नाकारणे चूक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे. जमले तर मुले नववीत जाण्याआधी गाव बदला, आणि दहावीच्या वर्षी तर शक्यतो बदलूच नका. कमावत्या माणसाने आधी जावे, बाकी घराने मार्चपर्यंत थांबावे. एक वर्षाचे दोन चुलींचे हाल दहावी बुडण्यापेक्षा परवडतात.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात दोन आकडे होते. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी जेमतेम चार टक्के. आणि 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर शाळेत कधी गेलेली नव्हती किंवा मधूनच गळलेली होती. वादविवाद आपण बहुतेक त्या चार टक्क्यांवर ऐकतो. पंचवीस टक्क्यांची गळती मात्र जूनच्या गर्दीत, ऑफिसच्या खिडकीपाशी, एका टोलवणाऱ्या वाक्यावर, एका न मिळालेल्या बसवर होते. ती अडवणे आपल्या हातात आहे.

याच पुण्यात, भिडे वाड्यात, 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला असताना त्यांनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत कामाचा भार तिच्यावर पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. फातिमाविषयी लिहिलेले फार थोडे उरले आहे. पण काम कुणीतरी चालू ठेवते म्हणून शाळा चालते, एवढे त्यातून समजते.

म्हणून या वर्षी एक काम करू या. प्रत्येक मोहल्ल्यात चार-पाच जणांनी मिळून एक वही करायची. पाच किलोमीटरच्या आतल्या सगळ्या हायस्कूलची नोंद: यू-डायस क्रमांक, मान्यता कितवीपर्यंत, अनुदानित की विनाअनुदानित, माध्यम, सेमी-इंग्रजी आहे का, फी, नववीत किती आणि दहावीत किती, प्रयोगशाळा उघडी की बंद, कोणती बस जाते, मुलींचा गट कोणता. एप्रिलमध्ये जाऊन पाहायचे, ऐकीव लिहायचे नाही. आणि मे महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल टाकून बसायचे. भगिनींसाठी वेगळी वेळ ठेवा, कारण शाळा शोधत फिरणारी बहुतेक वेळा आईच असते.

आमच्या गल्लीची वही तयार आहे. त्यात अकरा शाळा आहेत. मुलीने तिच्या शाळेचे पान स्वतः लिहिले आणि बसच्या वेळा दोनदा तपासल्या. परवा परभणीहून आलेली एक बाई ती वही पाहायला आली. तिची मुलगी सातवी पास आहे.